दहापैकी

शनिवारी दुपारपर्यंत पुरवणीला साडेतीनशे शब्द द्यायचे
आणि शेवटी चौकटीत आकडा.
आकडा पाहिजेच, इनामदार म्हणतात,
लोक आधी आकडा वाचतात, मग चहा पितात,
मग वेळ उरला तर तुमचं.

या आठवड्यातला गेम अक्कलकोट रोडच्या पोराचा.
निरंजन दुस्सा. वय बावीस. टीम वगैरे नाही.
दिवसा टॉवेलच्या कारखान्यात बिलं करतो,
रात्री सोळा रंगांत एक बुटका माणूस चालवतो
डावीकडून उजवीकडे.
(आमच्या वेळीही तेवढंच जाता यायचं.
मागे वळलं की पडद्याची भिंत व्हायची.)

सुरुवातीलाच विचारतो:
जुन्या टीव्हीच्या रेघा हव्यात का? हो. नाही.
अरे बाबा, त्या रेघा जाव्यात म्हणून
आम्ही टीव्हीच्या कानाखाली वाजवायचो.
गड्ड्याच्या जत्रेतली पिवळी कॅसेट फुंकून फुंकून घालायचो,
थुंकी उडायची, आई तेलुगूत शिव्या द्यायची.
कॅसेटवर छापलेलं, नऊशे नव्याण्णव खेळ.
होते सात. बाकीचे तेच, रंग बदलून.
आणि सातव्या पातळीवर लाइट जायची.
पुन्हा पहिल्या खड्ड्यापासून.

मी 'हो' दाबलं.

लिहिलं: उडी जड आहे, दाबल्यावर जरा उशिरा लागते.
लिहिलं: संगीत चांगलं, पण मागांचा खडखडाट फारच तालात.
खरे माग इतके एकमताने चालत नाहीत.
लिहिलं: नळाला पाणी येईपर्यंत थांबायची पातळी
सोलापूरबाहेर कुणाला कळणार नाही.
खोडलं. पुन्हा लिहिलं.

चौथ्या पातळीत भिंतभर चादर लागते.
नक्षीवरूनच चढायचं,
मोराच्या पायापासून तुऱ्यापर्यंत.
मोराच्या मानेला पायऱ्या आहेत.

मी कंट्रोलर खाली ठेवला.

साखर पेठेतल्या खोलीत नाना
चौकटीच्या कागदावर असाच मोर काढायचे.
मान गोल येत नाही म्हणून चिडायचे,
मग कागद दाराला टाचून, मागे सरकत सरकत
डोळे बारीक करायचे,
आणि तेवढ्या लांबून ती गोल व्हायची.
मग पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं.
भोक असलं की धागा वर,
नसलं की खाली.

एकदा एकशे चौदाव्या पट्टीवर एक भोक राहिलं.
साठ चादरी उतरल्या तरी कुणी पाहिलं नाही.
साठ मोर आंधळे.
मालकाने पगारातून कापलं,
वर त्यातलीच एक चादर दिली, बक्षीस दिल्यासारखी.
अजून आहे. अंगाला टोचते, थंडीला पुरते.

निरंजनच्या मोराच्या डोळ्याजागी निळीच चौकट.
तुऱ्यावर उभी राहून मी तीनदा पाहिलं,
तेवढ्यात पाय सुटला, एक जीव गेला.

फोन केला. म्हटलं, मोराचा डोळा मुद्दाम का?
तो घाबरला. नाही मॅडम, बग असणार,
रात्रीत नीट करतो, आकडा तेवढा थांबवा.
नक्षी कुठून घेतलीस?
घरातल्या चादरीवरनं. आजीनं गड्ड्यात घेतलेली.
लई स्वस्तात दिली म्हणते, का ते माहीत नाही.

बाकीच्या एकोणसाठ कुठे गेल्या
हे आमच्या घरात कुणी कधी विचारलं नव्हतं.

इनामदारांचा दुसरा फोन. चौकट रिकामी.
उडी जड आहे ते आहेच, काढणार नाही.
शेवटची पातळी घाईत उरकली आहे, तेही राहील.
सात लिहिलं.
खाली एक ओळ वाढवली, शब्द जास्त झाले, होऊ देत:
मोराचा डोळा आहे तसाच ठेवावा.

नाना जेवून आले, ओल्या हाताने दाराशी टेकले,
तिथूनच, डोळे बारीक करून, पडदा बघत राहिले.
मान जमलीय, म्हणाले.
डोळ्याबद्दल काही बोलले नाहीत.

साताचे साडेसात केले.