किती निघेल

पार्सल आलं तेव्हा तात्या सोप्यात बसून
हुलगे निवडत होते. चष्मा कपाळावरच.
मी बोर्ड काढून त्यांच्या तळव्यावर ठेवला.
दहा सेंटिमीटर बाय सात,
कॅटातलं एक पान, फार तर थोडं रुंद.

"हे अख्खं?"
अख्खं.
"आन् बाकीचं कुठाय?"
बाकीचं नाही, तात्या. एवढंच.

त्यांनी हात दोनदा वरखाली केला,
सेलमच्या गल्लीत तीस वर्षं केला तसा,
आणि गलाईवाल्याचा पहिला प्रश्न विचारला:
"किती निघेल?"

विट्यात हा प्रश्न कशालाही विचारतात.
मोडीच्या पाटल्यांना, सोनाराच्या केरालासुद्धा.
सेलमला मदरबोर्ड पोत्यांनी यायचे,
परातीएवढे, हिरवे,
कडेला पिवळ्या दातांची रांग.
तात्या दात उपटायचे.
तेजाबाची वाफ भिंतीवर चढायची
आणि आईच्या खोकल्यात उतरायची.
पोतंभर दातांतून
हरभऱ्याच्या डाळीएवढा मणी.

त्या मण्यांवर मी इस्लामपूरला शिकले.
तिथं कळलं, हे असं आटत जातं:
आधी परात, मग वीतभर चौकोन,
मग चार बोटं कमी, मग हे.
नावंही आटली, मिनी, नॅनो, पिको,
पुण्याच्या पाहुण्यांच्या कुत्र्यांसारखी.
पण जागा कमी म्हणून कुणी काही सोडत नाही.
रॅम पोटाशी चिकटवतात,
पंखा काढून टाकतात,
एकाच भोकातून वीजही येते, चित्रही जातं.
सेलमच्या दीड खोलीत आम्ही सहा जण,
वर भट्टी.
मला हे कुणी वेगळं शिकवायला नको होतं.

हा बोर्ड मेटकरींच्या विजूताईकडे जाणार,
यंत्रमागाच्या शेडमध्ये,
कुठला धागा कितीदा तुटला ते मोजायला.
तिथं हवेतसुद्धा कापूस.
पंखा असता तर आठवड्यात गुदमरला असता.

"काही निघायचं नाही," मी म्हटलं, "तिळाएवढंही नाही."

तात्या गप्प.
हुलग्यातला एक खडा उचलून अंगणात टाकला.
मग बोर्ड कडेनं धरला, दोन नखांत,
इतक्या वर्षांत एकही धरला नसेल असा.
"मग ह्याला कुणी जाळायचं न्हाई," म्हणाले.

चार स्क्रू त्यांनीच बसवले.
माझा चिमटा दोनदा घसरला होता.

आता संध्याकाळी पाळी बदलते तेव्हा
ते शेडमध्ये जाऊन येतात.
स्क्रीनकडे बघत नाहीत. आकडे त्यांना नकोत.
डब्याच्या पाठीवर पंजा ठेवून
थोडा वेळ उभे राहतात, विजूताई सांगते.

घरी येऊन चप्पल काढता काढता
"कोमट हाय," म्हणतात,
आणि ताट मागतात.