मधली जागा

सहा फूट बाय दोन. पत्रा जाड, प्रायमर कालच वाळला.
वर 'कै.', मग नाव, खाली 'चौक',
एवढं ठरलंय.
भांडण मधल्या जागेचं आहे.

नंदू पालव म्हणतो, लिहा 'जीनियस'.
ओकमास्तर म्हणतात, अरे, जरा भान ठेवा.
दुसऱ्यांच्या चाली बेंजोवर बडवल्या त्यानं जन्मभर,
स्वतःची एक ओळ दाखवा.
आणि सुराचं तर मला सांगूच नका.

मी पेंटर. मला कोण विचारतंय.
मी फक्त मोजून सांगितलं :
'प्रतिभावंत' घेतलं तर 'घाडी' बारीक होतो.
'थोर' नगरसेवकाच्या वडलांना दिलाय, मागच्या मेमध्ये,
'महान' तर गल्लीगणिक.
'जीनियस' सुटसुटीत, एक जोडाक्षर नाही.

बाबली घाडी अँड पार्टी, काळाचौकी.
ढोलावरची ती अक्षरंही माझीच,
पैसे अजून यायचेत.
त्याच्या बेंजोचं तिसरं बटण अडकायचं,
तो सूर चुकवून तो बाजूनं वळून यायचा,
लोक म्हणायचे, काय जागा घेतो!
मास्तरांना ही गोष्ट ठाऊक नाही
आणि मी सांगणारही नाही.

बाकी त्याचं सगळं मास्तर म्हणतात तसंच.
हळदीला जे, तेच बारशाला,
सुपारी घेऊन दोनदा पळाला,
तालमीला यायचा तो पोरांना शिव्या द्यायला.

एक रात्र मात्र आहे.
देवी निघाली होती. भारतमाताच्या सिग्नलला
जनरेटर गचकला.
दोन हजार माणूस, वर गेलेले हात वरच.
ताशा थांबला. कीबोर्डवाला पोरगा वायरी हलवत बसला.
आणि बाबली वाजवतोय.

वीज नसलेला बेंजो म्हणजे काय,
कढईत तडतडायच्या आधीची मोहरी.
आधी सगळे ओरडले,
मग पुढचे मागच्यांना म्हणाले, श्श,
मागच्यांनी त्यांच्या मागच्यांना.
तो श्श मी पुलाकडे जाताना ऐकला.
पोलिसानं शिट्टी तोंडातून काढली, हातात धरून उभा.
चाल तीच, सगळ्यांना पाठ, कुणाची तरी,
वाजवून वाजवून गुळगुळीत झालेली,
पण तिसऱ्या बटणापाशी यायची
तेव्हा माझ्या शेजारचा हमाल श्वास धरायचा. मीही.

चार मिनिटं असतील.
मग लाइट आली आणि पुन्हा धिंगाणा.

सकाळी चहाच्या गाडीवर म्हटलं,
बाबल्या, काल काय केलंस रे!
काय केलं?
अरे, लाइट गेली तेव्हा.
कधी गेली?

डावा कान स्पीकरनं खाल्लेला, उजव्यात कापूस,
पोटात होतं ते होतं.
बोटांना लागेल तेवढंच ऐकत होता,
किती वर्षं, देव जाणे.

हे समितीपुढे ठेवायचं कसं?
मास्तर म्हणतील, बघा, बहिरा होता.
नंदू म्हणेल, बघा, बहिरा होता!

मी काल रात्री खडूनं 'जीनियस' लिहून पाहिलं.
दिसतं छान.
मग ओल्या फडक्यानं पुसलं,
मग पुन्हा लिहिलं, थोडं लहान,
आणि लहान केल्यावर ते शिकवणीच्या क्लासची जाहिरात वाटायला लागलं.
चार मिनिटांचं माप कुठल्या ब्रशला येतं
ते मला चाळीस वर्षांत कुणी शिकवलं नाही.

शेवंतीवहिनी येऊन गेल्या दुपारी.
पाटी पाहिली. म्हणाल्या, रेशनकार्डावर घाडीगावकर आहे,
पण राहू दे, घाडीच लिहा, लोकांना तेच माहीत.
मधल्या जागेकडे बघितलं, बोलल्या काहीच नाहीत.
जाता जाता वळून म्हणाल्या,
तुमच्या ओळखीत कुणी बेंजो दुरुस्त करणारा आहे का?
ते तिसरं बटण.
मी म्हटलं, वहिनी, ते तसंच असू द्या.

गिऱ्हाईक त्याचे तीनशे कमी देतंय, त्या म्हणाल्या.