पोतेरं

चूक माझीच. आणि चूक तरी केवढी?
गाळताना जुनिपरचं एक फळ निसटलं,
निळं, वाटाण्याहून लहान,
आणि पिंपाच्या झाकणातल्या नळीत
जाऊन बसलं, बूच होऊन.

नोव्हेंबर. व्हॉसच्या वरच्या अंगाला आमचं घर,
खाली तळं गोठायच्या बेतात,
चार वाजताच अंधार.
दिवसभर माल्ट ढवळून खांदे भरून आलेले.
यीस्ट तोरलाइवचं. त्याच्या आजीपासून चालत आलेलं,
शेजारून विरजण मागावं तसं वाटीभर मागून आणलेलं.
देताना म्हणाला, "घालताना ओरडायचं हं. पोटातून.
नाहीतर बिअर मिळमिळीत होते."

मी ओरडलो नाही.
पलीकडच्या घरात आठ दिवसांचं बाळ होतं.
खरं सांगू? लाज वाटली.

मग रात्री दोनला पिंपच ओरडलं.

गुनवोरनं अंथरुणातूनच विचारलं,
"छप्पर गेलं?"
"नाही," मी खालून म्हणालो,
"छप्पर आहे. त्याला बिअर लागलीय."

फेस छताला. फेस घड्याळाच्या काट्यांना.
सासऱ्यांच्या बर्फातल्या बुटांत, दोन्ही,
टोस्टरमध्ये, आणि विजेच्या बिलावर
नेमका रकमेच्या आकड्यावर.
मांजर मन लावून चाटत होतं,
मग भिंतीला घासत तिरपं तिरपं निघून गेलं.
झाकण अजून सापडायचं होतं.
आणि पिंप, मान उडालेलं,
उतत होतं, मातत होतं,
त्याला कसला वसा आणि कसलं काय.

गुनवोर शिडी घेऊन आली. एक शब्द नाही.
फुलाफुलांची जुनी चादर टराटरा फाडली,
अर्धी मला, अर्धी तिला.
पुसलं, पिळलं, पुसलं.
लाकडाच्या फटींतून फेस पुन्हा झिरपायचा,
जणू छताला घाम फुटलाय.
एक थेंब नेमका माझ्या टकलावर पडला, टप्प.
तेव्हा कुठे ती हसली.
हसता हसता शिडीवरच बसली,
आणि पहाटेपर्यंत आम्ही दोघं
त्या चिकट उजेडात, अनवाणी,
पिंपात उरलं होतं ते पेल्यांत ओतून
चव घेत राहिलो. कोमट. गोड. अर्धवट.

ती बिअर नाताळापर्यंत पुरली नाही, ते उघडच आहे.

तोरलाइव उन्हाळ्यात गेला.
मुलांनी त्याचा फ्रीजर बंद केला,
घर विकायला काढलं.
ऑगस्टमध्ये लेकीच्या ऑस्लोच्या मित्रानं
आमचा फ्रीज साफ करून दिला, न सांगता, प्रेमानं.
"एका बरणीत काहीतरी कुजलं होतं," म्हणाला.
मी त्याला कॉफी दिली.
दुसरं काय देणार?

पुन्हा नोव्हेंबर. माल्टचं पोतं आणून ठेवलेलं,
आणि सगळ्यावर विरजण पडलेलं,
कारण विरजणच नव्हतं.

गुनवोर शेगडीमागची राख काढत होती.
मागच्या खिळ्याला काहीतरी लटकत होतं:
ते पोतेरं. पिळून वाळत टाकलेलं, विसरलेलं,
पापडासारखं कडक,
फुलांवर करड्या कवचाचे पोपडे.
तिनं ते नाकाशी नेलं.
माझ्याकडे बघितलं.
मला आधी वाटलं, शिंकणार.

कोमट रसात चादरीचा तो तुकडा बुडवला.
एक तास काही नाही. दोन तास काही नाही.
मी भांडी घासली, मग घासलेलीच परत घासली.
जेवणं झाली आणि कडेला एक बुडबुडा,
मग त्याला चिकटून दुसरा.

या वेळी ओरडलो. दार उघडून, पोटातून.
पलीकडच्या अंगणात एक वर्षाचं पोर,
लोकरीच्या टोपीत, नुकतं उभं राहायला शिकलेलं,
ते थबकलं,
आणि त्यानंही ओरडून घेतलं.

छतावरचा डाग तसाच आहे.
रंगवू म्हणतो, राहून जातं.
पोतेरं पुन्हा त्याच खिळ्याला.
वर गुनवोरच्या अक्षरात चिठ्ठी टाचलेली:
धुऊ नये. कुणीही.
खाली, बारीक अक्षरात,
ऑस्लोच्या त्या मुलाचं नाव.