बावीसची नळी

बत्तीसची गोळी परवडेना, म्हणून आबांनी
बावीसचा जोडसंच आणला, वापरलेला.
पैसे कुठून, ते बोलले नाहीत.
नळी बदलली, वरचा सरकता भाग बदलला;
मूठ तीच, माझ्या घामानं काळवंडलेली.

दुधाळीच्या रेंजवर आता रोज साठ गोळ्या.
आधी दहाच, आणि प्रत्येक बारानंतर
मनात घरचा हिशेब.

धक्का हलका. हात लाडावतो.
म्हणून बत्तीसच्या पाच राखून ठेवल्यात
कपाटात, कुलपात,
आईच्या पाटल्यांच्या डबीत.
डबी रिकामीच होती.

काल सलग तीन सातात गेल्या.
घोरपडे सर चष्मा पुसत म्हणाले,
"गोळी स्वस्त झालीय पोरी,
चूक न्हाई."

संध्याकाळी टरफलं वेचली.
एकोणसाठ.
अंधार पडला तरी
वाकूनच होते.