खोडरबर

मैफल संपली की माझं काम सुरू होतं.
टोलीडोच्या सभागृहाखाली, बॉयलरशेजारच्या खोलीत
ऐंशी वादकांचे कागद परत येतात
आणि मी पेन्सिलीच्या खुणा पुसते :
गज वर, श्वास इथे, घाई नको,
एका पानावर तर नुसता वैतागलेला डोळा.
भाड्याचे कागद कोरे करून धाडायचे, असा करार.

काल चार जुलै. नदीकाठी दारूकाम,
आणि त्याआधी ती सिंफनी,
जिला कार्यक्रमपत्रिका दरवर्षी
'या मातीचा स्वतःचा आवाज' म्हणते.
दुसऱ्या भागात ती धून येते. लोक टोप्या काढतात.
टायरच्या जाहिरातीतही तीच.
भाच्याच्या फोनवर तिच्याखाली ढोल घातलेत
आणि वर कुणी पोरगा भराभरा शिव्या मोजतो,
त्यालाही ती शोभते, खोटं कशाला बोलू.
संगीतकाराची तळटीप एका ओळीची :
लोकधून, कर्ता अज्ञात.

माझे वडील लग्नांत अकॉर्डियन वाजवायचे.
जन्म इथलाच, गॅसच्या टाकीसमोरचा.
त्यांच्या पोल्काला मात्र
मरेपर्यंत सगळे परदेशी म्हणाले.

दुसरा क्लॅरिनेट. पान सात.
स्वरांच्या ओळींखाली, नकलनवीसाच्याच अक्षरात :

अज्ञात नाही. आर्वेला प्रुइट, माझी मावशी.
मंगळवारी इस्त्री करताना गुणगुणायची.
इथे थांबायची ती थंड इस्त्री चुलीवर ठेवून
तापलेली उचलायला.
साहेबांनी तिथे विराम लिहिलाय. 'भावपूर्ण.'

काल त्याच विरामात
तीन हजार माणसं श्वास धरून बसली होती.

कागद उजेडात धरला.
चहूकडे खोडून खोडून कांद्याच्या सालीसारखा झालेला,
तेवढी चार बोटं जागा जाड.
आणि शिसं एकच नाही.
'प्रुइट' कुणीतरी नंतर गिरवलंय, जरा तिरकं,
'मंगळवारी' आणखी कुणीतरी, दाबून.
समासात एका वादकाची बारीक सूचना :
घाई करू नकोस. अजून तापली नाही.

पार्सलवाला साडेचारला येतो.
बाकीचं सगळं पुसलं, तो डोळासुद्धा.
'थंड' हा शब्द फिका पडला होता,
टोक नसलेल्या पेन्सिलीनेच त्यावरून दोनदा गेले.
मग खोक्यावरच्या चिठ्ठीवर,
'सर्व खुणा पुसल्या आहेत' या छापील ओळीखाली
सही केली.