नऊ मिनिटं

पार्नूच्या कोर्टात हीटर खडखडतो.
समोर प्लास्टिकच्या पिशवीत लॅपटॉप,
झाकणावर पिठाची बोटं अजून तशीच.
मेरिके त्या रात्री पाव मळत होती म्हणे.

मी शपथ घेते. लेएलो रान्नामॅए, तज्ज्ञ साक्षीदार.
यंत्राच्या पोटातलं बाहेर काढते
स्वतःचा हात लागू न देता:
डिस्कची हुबेहूब प्रत, प्रतीचा ठसा,
चौसष्ट अक्षरांचा.
एक स्वल्पविराम हलला
तरी सगळा ठसा तोंड फिरवतो.
माझा हलला नाही. पण तो सोमवारचा.
प्रश्न रविवारचा आहे.

बचावाचे वकील हळू बोलतात,
दाढ दुखत असल्यासारखे:
"दोन अकराला यंत्र सुरू झालं.
माझा अशील एकपासून कोठडीत.
मग हात कुणाचा?"

हात उर्मोचा.
वय तेवीस, नोकरीचा चौथा महिना.
मागच्या बाकावर बसलाय, टोपी गुडघ्यावर.
त्या रात्री मेरिके चादरीखाली,
तिचा फोन फुटलेला,
फ्रिजवरच्या कागदावर नुसतं 'आई',
पुढचे आकडे ओलीनं पुसलेले.
बेटावरच्या म्हातारीला
सकाळच्या रेडिओवरून कळू नये
एवढ्यासाठी त्यानं झाकण उघडलं,
नंबर शोधला, मिटलं.
पंचनाम्यात लिहायचं राहिलं.

नऊ मिनिटं.
चारशे बारा फाइलींच्या तारखा बदलल्या.

"त्यात नवऱ्याचं ते धमकीचं पत्रही?"
तेही.
"ते आधीचं, की त्या नऊ मिनिटांतलं?"
मजकूर जुना आहे, मी म्हणते. बहुतेक.
कारकून बाई थांबतात,
'बहुतेक' मोठ्यानं वाचून दाखवतात,
बरोबर ऐकलं ना म्हणून.

न्यायाधीश वारिक चष्मा पुसतात.
मुद्देमाल क्रमांक सात, पुराव्यातून वगळला.
पेन्सिलीची एक रेघ, पट्टी न लावता.

बाहेर बर्फाचा चिखल.
लोकरीच्या मोज्यातला म्हातारा हात
उर्मोची बाही धरतो:
"तूच ना रे फोन केलास, तीनला?
आवाज ओळखला मी. बरं केलंस.
रेडिओ लावायच्या आत सांगितलंस."

तो टोपी घालतो, काढतो.

मग माझ्याकडे वळून:
"तुम्ही शिकलेल्या दिसता.
त्याला शिक्षा होईल ना आता?"

मला एकच शब्द सुचतो.
तो आत लिहून घेतलाय.