एक तास

तास म्हणजे घड्याळातला,
आणि तास म्हणजे फाळामागं उघडत जाणारी रेघ.
मला दोन्हीचे पैसे मिळतात.
सांगवडे, हलसवडे, वसगडे, पट्टणकोडोली –
माझ्या ट्रॅक्टरखालून न गेलेलं रान
बोटावर मोजून दाखवीन.

नवा रोटर आणला त्या साली
बगळे असे मागं लागायचे,
कारखान्याच्या गेटवर पगाराला लागतात तसे.
मग पन्नासाचे वीस झाले,
विसाचे सहा.
मी आरशात बघायचो.
वाटायचं, आरसा हलला असंल.

माती मात्र झकास दिसायची, चाळलेल्या पिठागत.
मालक मूठभर उचलायचा, खूष व्हायचा.
वळवाची एक सर आली
की त्याच पिठाची पापडी.
पाणी वरच तटायचं,
रानाचा रंग घेऊन ओढ्याला जायचं.
आणि वीतभर खाली
माझ्याच चाकांनी घोटून घोटून
तव्यासारखा थर बसवलेला.
उसाचं मूळ तिथवर यायचं
आणि आडवं वळायचं,
कुलूप बघून पाव्हणा वळतो तसं.

हे तेव्हा कुणी सांगितलं असतं
तर मी त्याला डिझेलचा भाव सांगितला असता.

त्रिशलाकाकू चौगुल्यांच्या पावणेदोन एकरात
पाच वर्षं मला बोलावणं नव्हतं.
खोडवा तुटला की त्या खोडकी जागेवरच मारायच्या,
मुळं आत तशीच ठेवायच्या,
पाचट पसरून मधल्या पट्ट्यात हरभरा टोकायच्या.
"काकूंच्या रानाला कंगवा न्हाई," चावडीत लोक हसले.
सगळ्यात मोठ्यानं मी.
गिऱ्हाईक माझं गेलेलं.

यंदा माघात फोन आला.
"पाइप पुरायचाय, दस्तगीर.
विहिरीपासनं बांधापर्यंत एक तास मार.
एकच."

फाळ टेकला
आणि इंजिनचा आवाज एकदम उतरला.
मला वाटलं, बोल्ट तुटला.
मागं बघितलं तर फाळ आत होता,
नुसता चालला होता.
आरशात काहीतरी पांढरं हललं.
नदीकडच्या बाभळीवरनं
एक, चार, अकरा...
तिसानंतर मोजणं सोडलं.

बंद करून उतरलो.
तासाच्या भिंतीला
कुजून गेलेल्या मुळांच्या नळ्या,
करंगळी जाईल एवढी बिळं,
आणि ढेकळाढेकळातनं बुरशीचे पांढरे धागे,
कुणीतरी बसून माती टाचलेली.
तो टाका मी उसवला होता.
गांडूळ अर्धं इकडं, अर्धं तिकडं,
दोन्ही अर्धी वळवळत.

"काकू, तुमच्यात तर ह्याचं पाप लागतं न्हवं?"

"पापाचं ठेव बाजूला. हिशेबाचं सांगते.
ह्यांना मजुरी न्हाई, डिझेल न्हाई, रातपाळी करत्यात.
तू रान उलथलंस की ह्यांचं घर उन्हात येतं,
आत साठवलेलं सगळं वाऱ्यावर जातं.
मग आपण पोत्यानं इकत आणायचं
आन् बूड फाटलेल्या कणगीत वतायचं.
पुराचं पाणी आठ दिवस हुतं सगळ्यांच्या रानात.
पयला वापसा कुणाच्या रानाला आला,
इचार जा."

विचारायची गरज नव्हती.
त्या आठवड्यात बांधावरनं मीच बघितलं होतं,
आणि गप बसलो होतो.

पाइप टाकला.
तास बुजवायला मशीन लावलं नाही,
फावडं मागितलं.
बगळ्यांकडं पाठ करून
सापडली तेवढी गांडुळं ओंजळीनं आत सरकवली.
एक बगळा पार टाचेपर्यंत आला,
मान तिरकी करून बघत राहिला.
त्याचंही बरोबरच होतं.

वेळ लागला पंचवीस मिनिटं.
काकूंनी कनवटीची पिशवी सोडली.
"कुठला तास धरू रं?"

मला उत्तर आलं नाही.
मिळालं ते न मोजता खिशात घातलं.

उद्या वसगड्यात सहा एकर उभं-आडवं नांगरायचंय,
शब्द देऊन बसलोय.
जाणार.
रात्री ग्रीस भरलं, तेल बघितलं,
आणि कधी नव्हे ते
आरसा पुसून ठेवला.